हेडिंग बघून पळत येऊ नका, आधी एवढं करा

परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे, बस स्टँडच्या मागच्या बोळीत. सातबारा, आठ-अ, पीक विमा, केवायसी, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, सगळं. गावात कोणती बातमी फिरायलीय हे मला पेपर यायच्या आधी कळतं, कारण सकाळी शटर वर केलं की दोन-चार जण मोबाइल पुढं धरून उभेच असतात, "भाऊ, हे बघा बरं, आपल्याला किती मिळायलेत." मोबाइलवर असतं काय, तर बातमीचं हेडिंग, नाहीतर हेडिंगचा स्क्रीनशॉट, नाहीतर त्या स्क्रीनशॉटचा दुसऱ्या मोबाइलनं काढलेला फोटो. खालचा मजकूर कुणी उघडलेलाच नसतो.

ज्यांच्या हातात नवीनच स्मार्टफोन आलाय, जी पोरंपोरी पहिल्यांदा मतदान करणारेत, गावाच्या ग्रुपवर ज्यांना नुकतंच ॲड केलंय, त्यांच्यासाठी हे लिहायलोय. मी पत्रकार नाही. पण हेडिंग घेऊन आलेल्या माणसाला खालची बातमी वाचून दाखवायची हे माझं बिनपगारी काम होऊन बसलंय, आणि त्यात एक गोष्ट पक्की कळली की आपल्याकडं फिरणारं राजकीय हेडिंग सपशेल खोटं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा ते अर्धं असतं. मग उरलेलं अर्धं कुठं सापडतं ते माहीत पाहिजे.

आधी माझीच फजिती

जून महिना होता. ग्रुपवर पेपरच्या कात्रणाचा फोटो आला, अतिवृष्टी अनुदानाच्या याद्या जाहीर, केवायसीला शेवटचे दोन दिवस. मी न बघता तीन ग्रुपवर ढकलला, खरं सांगायचं तर गिऱ्हाईक येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी आलंच की गिऱ्हाईक! एक मावशी तर वाडीवरून ऑटोला पैसे देऊन आल्या, आधार, पासबुक, सगळं पिशवीत. साइटवर यादीच नाही. दिवसभर शिव्या खाल्ल्या आणि संध्याकाळी तोच फोटो बोटांनी मोठा करून बघितला, तर कात्रणाच्या उजव्या कडेला अर्धी कापलेली जाहिरात, "...वाळी धमाका" आणि फ्रिजचं चित्र. जूनमध्ये कोण दिवाळीचा सेल लावतंय? कात्रण आदल्या दिवाळीचं होतं आणि वरची तारखेची पट्टी कुणीतरी बरोब्बर कापली होती.

तेव्हापासून कात्रण आलं की मी मजकुराच्या आधी कडा बघतो. तारीख दिसते का, पेपरचं नाव दिसतं का, कोणत्या आवृत्तीचं पान आहे, शेजारच्या बातमीत पाऊस आहे का ऊन. पेपरचं नाव असेल तर त्या पेपरचं ई-पेपर उघडून त्या तारखेचं पान बघायचं, दोन मिनिटाचं काम. कडा स्वच्छ कापलेल्या असल्या की मला उलट जास्त संशय येतो.

बातमी कोणत्या पायरीवर आहे ते बघा

सरकारी पैशाच्या, योजनेच्या, आरक्षणाच्या, पाण्याच्या कोणत्याही बातमीला पायऱ्या असतात. कुणीतरी मागणी करतं, मंत्री आश्वासन देतो, मग घोषणा होते, मग मंत्रिमंडळाची मान्यता, मग जीआर (म्हणजे शासन निर्णयाचा कागद), मग निधी वितरणाचा वेगळा जीआर, मग याद्या, मग केवायसी, आणि सगळ्यात शेवटी खात्यावर पैसे. हेडिंग मात्र पहिल्या पायरीवर असतानाच शेवटच्या पायरीचं लिहिलेलं असतं, "शेतकऱ्यांना मिळणार", "बहिणींच्या खात्यात येणार". "णार" दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, आज नेमकं काय झालंय? भाषण झालंय का सही झालीय?

आपल्या मराठवाड्याला तर ह्याची सवय पाहिजे. २०१६ ला मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादला झाली, साधारण ४९ हजार कोटींचं पॅकेज म्हणून हेडिंग आली. १६ सप्टेंबर २०२३ ला परत बैठक, शहराचं नाव एव्हाना छत्रपती संभाजीनगर झालेलं, आणि ह्यावेळी ५९ हजार कोटी. ह्यात ४५ हजार कोटींची कामं आणि वर साधारण १४ हजार कोटी सिंचन प्रकल्पांच्या सुधारित मान्यतांचे. आता सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे काय, तर जुनाच प्रकल्प, रखडल्यामुळं खर्च वाढला, त्या वाढलेल्या आकड्याला मान्यता. नवीन धरण नाही आणि त्या दिवशी तिजोरीतून निघालेला रुपयाही नाही. हेडिंग खोटं होतं का? नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं ट्रकभर नोटा आल्या त्याचं काय!

आता जवळचं उदाहरण घेऊ, कारण ह्याच्यावर मी महिनाभर बोललोय. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं आपल्याकडं काय केलं ते सांगायची गरज नाही, शेतंच्या शेतं वाहून गेली, माती राहिली नाही. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानापुढं हेडिंग आलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी साडेतीन लाख. एक आबा, दोन एकर नदीकाठची जमीन, त्यांनी घरी हिशोब पण करून ठेवला होता. बातमी उघडली तर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सगळं लिहिलेलं होतं, हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख नरेगातून. नरेगातून म्हणजे जमीन दुरुस्तीचं काम निघणार, मस्टर भरणार, मजुरी निघणार, म्हणजे तीन लाख काही आबांच्या पासबुकावर उमटणार नाहीत. हेडिंगवाल्यानं दोन वेगळ्या खिशातले पैसे एका ओळीत बेरीज करून टाकले.

पिकाचं पण तसंच. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, हे आकडे बरोबर होते, पण १८,५०० म्हणजे नेहमीच्या निकषाचे ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्या-बिवाळ्यासाठीचे १०,००० अशी ती बेरीज होती आणि मर्यादा तीन हेक्टर. ज्याच्या खात्यावर आधी ८,५०० च्या हिशोबानं पडले त्याला वाटलं मधेच कुणीतरी दहा हजार खाल्ले. भांडण तलाठ्याशी. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण भांडताना कोण एवढं लांब नाव घेतंय.)

म्हणून मोठा आकडा दिसला की तीन गोष्टी शोधायच्या, हेक्टरी का एकरी, कमाल किती, आणि रोख किती. हेडिंगमध्ये नसतात. खाली असतात.

जीआर वाचायला शिका, लई अवघड नाही

महाराष्ट्र शासनाची शासन निर्णयांची वेबसाइट आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. विभाग निवडायचा, तारीख टाकायची, पीडीएफ उतरवायची. खऱ्या जीआरच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक अमुक आहे, आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीनं साक्षांकित करून काढण्यात येत आहे, आणि मग राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. तो संकेतांक म्हणजे लांबलचक आकडा, पण त्याचे सुरुवातीचे आठ अंक बघा, वर्ष, महिना, दिवस. २०२५०९०२ नं सुरू झाला तर २ सप्टेंबर २०२५. ग्रुपवर कुणी जीआरचा फोटो टाकला तर तो आकडा साइटवर टाकून बघायचा. निघाला नाही तर थांबा.

आणि "प्रस्तावना" ह्या भागात अडकू नका, तिथं सगळं गोडगोड असतं. "शासन निर्णय" असं जिथं लिहिलंय तिथून खाली वाचायचं. "पात्र", "अटींच्या अधीन राहून", "निधीच्या उपलब्धतेनुसार", हे शब्द आले की पेनानं गोल करायचे. आणि नंतर शुद्धिपत्रक निघालंय का ते पण बघायचं, पुष्कळदा निघतं.

ही २ सप्टेंबर २०२५ तारीख मी उगाच नाही घेतली. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेट, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदी, वापरायचा जीआर त्याच दिवसाचा. मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन, इकडं गावागावात लोक टीव्हीपुढं, आणि तो निघाल्यावर एका चॅनलचं हेडिंग सगळं मिळालं, दुसऱ्याचं हातात काहीच नाही, तिसऱ्याचं आमचं आरक्षण गेलं. माझ्याकडं त्याच आठवड्यात मराठा आणि ओबीसी, दोन्हीकडची माणसं आली आणि दोघांनी एकच कागद प्रिंट करून नेला. त्यात गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी समिती चौकशी करणार आणि दाखल्याचा निर्णय सक्षम अधिकारी घेणार अशी पद्धत लिहिलीय. कुणाला काय वाटायचं ते वाटो, पण आधी तीन-चार पानं वाचून मग वाटू दे.

हेडिंगची भाषा ओळखा

आपल्या मराठी बातम्यांची एक वेगळीच डिक्शनरी आहे, दोन आठवडे लक्ष दिलं की पाठ होते. "राजकीय भूकंप" म्हणजे कुणीतरी पक्ष बदलायच्या विचारात आहे. "नॉट रिचेबल" म्हणजे पत्रकारानं फोन केला आणि साहेबांनी उचलला नाही, एवढंच. "बंद दाराआड चर्चा" म्हणजे दार बंद होतं, आत काय झालं माहीत नाही. "चर्चांना उधाण" म्हणजे चर्चा ह्याच बातमीनं सुरू केली. "सूत्रांची माहिती" कधी खरी निघते कधी नाही, पण तिच्या भरवशावर पेढे वाटू नयेत. आणि हेडिंगच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, "अमुक नेते राजीनामा देणार?", तर लिहिणाऱ्यालाच खात्री नाही, म्हणून तर त्यानं तुम्हालाच विचारलंय.

कोर्टाच्या बातमीत "दणका" हा शब्द फार. खंडपीठानं नोटीस काढली तरी दणका, तोंडी दोन शब्द सुनावले तरी दणका, स्थगिती दिली तरी दणका, निकाल लागला तरी दणकाच. चारही वेगळं असतं. नोटीस म्हणजे समोरच्याला "तुझं म्हणणं सांग" एवढंच म्हणलंय. मुंबई हायकोर्टाच्या साइटवर आदेश बघायला मिळतात, इंग्रजीत असतात पण शेवटचा परिच्छेद वाचला तरी पुरतं, वकिलाच्या कारकुनाला विचारलं तरी सांगतो.

मतमोजणीच्या दिवशी "आघाडीवर" आणि "विजयी" ह्यातला फरक बीडवाल्यांना कुणी शिकवायची गरज नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीत रात्री उशिरापर्यंत कोण पुढं कोण मागं चाललं होतं, आणि शेवटी बजरंग सोनवणे पंकजा मुंडेंपेक्षा ६,५५३ मतांनी जिंकले. दुपारच्या स्क्रीनशॉटवर गुलाल उधळणाऱ्यांचं काय झालं असेल! निवडणूक आयोगाची निकालाची साइट उघडायची, किती फेऱ्या झाल्यात ते बघायचं, मगच फटाके.

एकाच धरणाच्या दोन बातम्या

हे मी मुद्दाम सांगतो, कारण ह्यात दोन्ही हेडिंग खरी असतात. जायकवाडीची एकूण क्षमता साधारण १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात २६ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली तळाला राहणारं पाणी, आणि वरचा जिवंत साठा साधारण ७६. पेपरात रोज जी टक्केवारी येते ती जिवंत साठ्याची. आता समजा धरणात ५१ टीएमसी पाणी आहे. एकजण लिहितो "जायकवाडी निम्मं भरलं", दुसरा ५१ मधून २६ वजा करून लिहितो "जायकवाडीत फक्त ३३ टक्के". एकच दिवस, एकच पाणी, आणि दोघंही बरोबर! आणि "शून्य टक्के" म्हणजे पण धरण कोरडं नसतं, मृतसाठा असतो.

ह्यात राजकारण कुठून आलं? तर ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून ठरलं होतं. म्हणून त्या दिवसांत टक्का कोण सांगतोय, गोदावरीच्या वरचा का खालचा, हे बघूनच पुढं वाचायचं.

सांगणारा कोण आहे

छापील पेपरवर शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण असतं, तिला प्रिंटलाइन म्हणतात. कायद्यानं छापावी लागते. पेपरांची नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडं असते, आधी त्याला आरएनआय म्हणायचे, २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला तेव्हा नाव बदललं. वेबसाइटवर आणि यूट्यूब चॅनलवर "आमच्याविषयी"मध्ये माणसाचं नाव, पत्ता, तक्रार कुणाकडं करायची हे आहे का बघा. काहीच नाही, नुसता लाल लोगो आणि गळ्यात माईक, तर तो शेजारच्या गावातलाच कुणीतरी असतो आणि त्याची गाडी कुणाच्या डिझेलवर चालते हे गावाला माहीत असतं, नवख्यालाच नसतं.

मोठ्या पेपरांचं पण माहीत असू द्या. सामना हे शिवसेनेचं, आता ठाकरेंच्या पक्षाचं मुखपत्र. लोकमत दर्डा कुटुंबाचा, त्यातले राजेंद्र दर्डा औरंगाबादहून काँग्रेसचे आमदार आणि मंत्री होते. सकाळ प्रताप पवारांच्या घराचा, ते शरद पवारांचे भाऊ. ह्याचा अर्थ बातमी खोटी असा अजिबात नाही, त्यांचे तालुक्याचे वार्ताहर उन्हातान्हात फिरून खरी बातमी आणतात हे मी बघितलंय. अर्थ एवढाच की एकाच घरचा एकच पेपर वाचून मत करू नका, वेगळ्या मालकाचा दुसरा पण उघडा. दोन्हीत जे सारखं आहे ते धरून चाला.

आणि निवडणुकीच्या दिवसांत नेत्याचं कौतुक करणारी पानभर "बातमी" आली की कोपऱ्यात "जाहिरात" किंवा तसला काही बारीक शब्द आहे का शोधा. पेड न्यूजवर लक्ष ठेवायला निवडणुकीत जिल्ह्याला समिती असते, तिथं तक्रार करता येते.

सरकारी बाजू बघायची तर राज्याच्या माहिती खात्याचं महासंवाद आणि केंद्राचं पीआयबी (पत्र सूचना कार्यालय). पीआयबीचं फॅक्ट चेक २०१९ पासून आहे, "फ्री लॅपटॉप योजना" छाप फसव्या लिंकसाठी एकदम कामाचं. पण ते सरकारचंच आहे, सरकारवरची टीका खरी का खोटी हे सरकारनंच ठरवायचं म्हणलं तर कसं जमायचं? केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटला आयटी नियमांत जो अधिकार द्यायचा होता तो मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच केला. सरकारबाहेरचे मराठीत बघायचे तर फॅक्ट क्रेसेंडो आहे, न्यूजचेकर आहे.

फोटो, व्हिडिओ, लोगो

फोटोवर गुगल लेन्स लावा, जुना असला तर बहुतेक सापडतो. लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती एप्रिल २०१६ ला, दुष्काळ पडला की तो फोटो कुणाच्याही सरकारच्या नावावर खपवता येतो. सर्च करताना जुनं-नवं दोन्ही नाव टाका, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव. नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ ची, त्यामुळं आधीच्या बातम्या नव्या नावानं सापडत नाहीत, आणि २०२४ च्या लोकसभेला मतदारसंघांची नावं जुनीच होती.

चॅनलच्या लोगोचं कार्ड आलं तर त्या चॅनलच्या स्वतःच्या पेजवर जाऊन ते कार्ड आहे का बघा, लोगो चिकटवायला आता शाळेतलं पोरगं पण पुरतं. भाषणाची वीस सेकंदांची क्लिप आली तर पूर्ण भाषण शोधून आधीचं एक मिनिट ऐका, बऱ्याचदा नेता विरोधकाचं वाक्य म्हणून दाखवत असतो आणि कापणारा बरोबर तेवढंच कापतो.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांचं "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" दिसलं तर तो मेसेज निदान पाच हातांतून आलाय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, आणि पसरलं होतं सगळं असल्याच मेसेजवरून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा लावली.

ग्रुपवर कसं सांगायचं

वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांपुढं "फेक आहे, डिलीट करा" म्हणलं की बातमी राहते बाजूला आणि मानापमान सुरू होतो. मी असं टाइप करतो, "आबा, बातमी बरोबर आहे पण पुढची ओळ राहिली, रोख ४७ हजार आहेत आणि बाकीचे नरेगातून. जीआर खाली टाकतो, ओळीला गोल केलाय." बस. हसायचे इमोजी नाहीत, हात जोडलेले पण नाहीत, ते टोमण्यासारखे वाटतात.

ते साडेतीन लाखवाले आबा दोन दिवस ग्रुपवर काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सातबारा पिशवीत घालून दुकानावर आले, जीआरची प्रिंट मागितली, चष्मा लावून त्या ओळीवर बोट फिरवलं आणि माझाच पेन घेऊन खाली रेघ मारली. "तलाठ्याला दाखवायची," म्हणले. पेन परत दिला, झेरॉक्सचे पैसे राहिले ते राहिलेच.